वरचं प्रेशर

३ एप्रिल, सोमवार

सकाळी १६२/९६.

किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी प्रेशरचं मशीन घ्यायला लावलं आणि रोज सकाळचा आकडा लिहून ठेवायला सांगितलं, म्हणून ही वही. लेकीची जुनी, कॉलेजची. पुढची रसायनशास्त्राची पानं फाडून टाकली. ती म्हणाली, "बाबा, नुसते आकडे नको लिहूस. काय खाल्लंस, कसं वाटलं, तेही लिही."

लिहायचंच तर खरं लिहितो. पण मग ही वही डॉक्टरांना दाखवायची सोय उरत नाही. त्यांच्यासाठी आकड्यांचा वेगळा कागद करीन.

तर खरं असं, की चौदा वर्षं साखर आहे आणि ती मी मांजरासारखी पाळलीय. ती तिच्या वाटेने, मी माझ्या. आता लघवीतून प्रथिनं जायला लागलीत. बाईंनी विचारलं, "फेस येतो का?" म्हटलं, वर्षभर येतोय, मला वाटायचं धार चांगली आहे म्हणून येतो. त्या हसल्या नाहीत. क्रिएटिनिन नावाचा आकडा १.३ आलाय. तो जितका चढेल तितकी किडनी उतरत जाते म्हणे. एक पांढरी गोळी दिलीय, रोज एक. प्रेशरही उतरवेल आणि किडनीही सांभाळेल. दोन आठवड्यांनी परत रक्त द्यायचंय.

"आणखी काही औषधं चालू आहेत?"

"साखरेची. बाकी काही नाही."

"काम काय करता?"

"बांधकामावर आहे," म्हटलं. खोटं नाही ते. चौसष्ट मीटर वर, टॉवर क्रेनच्या काचेच्या कॅबिनमध्ये बसतो, एवढंच सांगायचं राहिलं.

बाहेर पडताना समोरच्या डायलिसिसच्या खोलीचं दार उघडं होतं. बारा खुर्च्या, बारा माणसं, प्रत्येकाच्या हातातून लाल नळ्या निघून बाजूच्या मशीनमध्ये गेलेल्या. एक जण पेपर वाचत होता. त्याने पान उलटताना माझ्याकडे बघितलं. मी जिन्याने उतरलो, लिफ्टची वाट बघितली नाही.

६ एप्रिल, गुरुवार

१५८/९४.

शिडीला दोनशे तेरा पायऱ्या. पंधरा वर्षांपूर्वी मी शीळ घालत चढायचो. आता गुडघे प्रत्येक पायरीला हजेरी घेतात. म्हणून चढण्याआधी एक केशरी गोळी, दुपारी एक, फारच ठणका लागला तर उतरताना आणखी एक. कोपऱ्यावरचा औषधवाला मी दिसलो की न मागता पाकीट पुढे करतो. गुडघ्यांची गोळी म्हणजे काही औषध नव्हे. माझ्या लेखी ती शिडीचाच भाग आहे.

वर संडास नाही. त्या कामासाठी बाटली नेतो, पण काचेच्या पेटीत बसून, समोर माणसं काम करत असताना ते बरं दिसत नाही. त्यामुळे पाणी बेतानेच. सकाळी सातपासून तीनपर्यंत दोन पेले. सवय झालीय.

खाली रेडिओ असतो. रेडिओ म्हणजे माझा सिग्नलवाला. अकरा वर्षांची जोडी. इमारतीमागचा लोड मला वरून दिसतच नाही, तो वॉकीटॉकीवर सांगेल तसा मी हलवतो. "दादा, डावीकडे दोन मीटर. सावकाश. अजून थोडं. थांब." मधल्या वेळात क्रिकेट, सासू, पोटदुखी, सगळं बोलत असतो. म्हणून नाव रेडिओ. कधी गप्प बसला तर मला भीती वाटते.

११ एप्रिल, मंगळवार

१४६/८८. गोळी लागू पडली!

हिने स्वयंपाकात मीठ जवळजवळ बंद केलंय. खाऱ्या दाण्यांचा डबाही गायब. विचारलं तर म्हणाली, "कुठला डबा?" शाळेत गणित शिकवते, मुलांनी गृहपाठ केला नाही तर त्यांच्याकडे जशी बघते तशी माझ्याकडे बघत होती. लेक हसली. मी सूपात तोंड घातलं. गरम पाणी होतं नुसतं.

१८ एप्रिल, मंगळवार

१४२/८६.

रक्ताचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन १.५.

तीनदा वाचला. १.३चं १.५ झालं. गोळीच्या खोक्यातला घडीचा कागद उलगडला, मुंगीएवढी अक्षरं. त्यात लिहिलंय की या औषधाने किडनीच्या कामावर परिणाम होऊ शकतो. म्हणजे जिने किडनी सांभाळायची तीच ती खातेय?

बाईंच्या दवाखान्यात फोन केला. त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरने सांगितलं, "सुरुवातीला एवढं वाढणं अपेक्षितच असतं. बाई म्हणाल्यात, चालू ठेवा." अपेक्षितच होतं तर आधी का नाही सांगितलं? आकडा वाढल्यावर कुणीही म्हणेल अपेक्षित होता म्हणून.

त्या बारा खुर्च्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. उद्यापासून गोळी बंद. हिला सांगणार नाही, उगाच घर डोक्यावर घेईल. गोळी रोज पाकिटातून काढून बेसिनमध्ये टाकीन.

२६ एप्रिल, बुधवार

१७४/१०२.

डोकं जड. कागदावर १४० लिहिलं.

आज सेफ्टी ऑफिसरने सगळ्या क्रेन ऑपरेटरांना बोलावलं. बारा मेला वैद्यकीय तपासणीची गाडी येणार. प्रेशर १४०/९०च्या वर गेलं तर क्रेन चालवायचं कार्ड थांबवणार, मोठ्या कामाच्या आधी धोका नको. मोठं काम म्हणजे पूल. आमच्या दोन इमारतींना जोडणारा लोखंडी पूल, साडेनऊ टन, बाराव्या मजल्याच्या उंचीवर एका फटक्यात बसवायचा. एकोणीस मेला.

दीड वर्ष या पुलाची वाट बघतोय. नकाशा पाठ आहे माझा. आणि आज बदली ऑपरेटर, ती पस्तिशीची बाई, माझी सुट्टी असली की माझ्या क्रेनवर बसते, ती मला म्हणते, "काका, पुलाचं काही लागलं तर सांगा, मी तयारी करून ठेवलीय." चांगल्या मनाने बोलली असेल. मला मात्र मुंग्या चावल्यासारखं झालं.

२ मे, मंगळवार

१७०/१००.

दहा दिवस उरले. डोकं चालवलं.

पांढरी गोळी प्रेशर उतरवते, हे तर बघितलंय. एक घेतली तर १४६, दोन घेतल्या तर लवकर उतरेल. शिवाय जुन्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी पाय सुजले होते तेव्हा लघवी जास्त होण्याची गोळी दिली होती, तिचं पाकीट कपाटात आहे. तिनेही प्रेशर उतरतं, तेव्हा उतरलं होतं. दहा-पंधरा दिवसांचा तर प्रश्न. पूल बसला की सगळं बंद. किडनीला एवढ्यात काय होणार? चौदा वर्षं तिने काढलीच ना.

५ मे, शुक्रवार

१४४/८८. बघा!

हिने माझा डॉक्टरांसाठीचा कागद हातात घेतला. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "अहो, तुमचे सगळे आकडे शून्यावर संपतात. १४०, १५०, १४०. मशीन इतकं गोल बोलतं?"

म्हटलं, मी जवळचा आकडा लिहितो.

"जवळचा कुणाला?"

मास्तरणीशी लग्न केल्यावर हे व्हायचंच. तिने कागद होता तिथे ठेवला. नंतर माझी डब्याची पिशवी मी झटकायच्या आधीच तिने झटकून, धुवून वाळत टाकलेली. एवढी स्वच्छता कुठून आली कुणास ठाऊक.

९ मे, मंगळवार

१३४/८४.

उकाडा भयंकर. कॅबिनचा पंखा गरम हवाच फिरवतो. गुडघे फार बोलतायत, केशरी गोळ्या चार झाल्या.

रेडिओचं काय बिनसलंय कळत नाही. आज तीनदा मधेच काम थांबवलं. "दादा, वारा आहे, दहा मिनिटं थांबू. पाणी पी तोवर." वारा कुठे होता? बूमच्या, म्हणजे क्रेनच्या लांब हाताच्या, टोकाचा झेंडा ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. मी तसं म्हटलं तर म्हणाला, "खाली आहे वारा." अकरा वर्षांत खाली वेगळा वारा मी ऐकला नाही. पाणी काही प्यायलो नाही. लघवीच्या गोळीने आधीच सकाळी दोनदा होते, वर नको ती कटकट.

१२ मे, शुक्रवार

पास!

गाडीतल्या डॉक्टरने दोनदा मोजलं. १३०/८२. डोळे चांगले, कान चांगले. फॉर्मवर प्रश्न होते. मधुमेह आहे का? नाही. प्रेशरची औषधं? नाही. सही केली.

मग लघवीची बाटली दिली. आत गेलो, दार लावलं. खरी लघवी गडद पिवळी, थेंबभर. बाटलीत नळाचं पाणी भरलं आणि रंगापुरती ती थेंबभर घातली. तपासणाऱ्या मुलीने पट्टी बुडवली, बघितली आणि म्हणाली, "छान. पाणी भरपूर पिता वाटतं तुम्ही."

घरी पेढ्यांऐवजी सफरचंदं आणली. हिने एक कापलं, खाल्लं नाही.

१५ मे, सोमवार

११८/७४. वा!

दिवसभरात लघवीला एकदाच गेलो. बरंच झालं, वर बाटली काढावी लागली नाही. म्हणजे त्या गोळीची सवय झाली शरीराला.

पोटऱ्यांत गोळे येतात. तोंडाला लोखंडाची चव. उन्हामुळे असणार, साइटवर सगळेच मरगळलेत.

१७ मे, बुधवार

१०८/७०.

दोनदा उलटी झाली. ही म्हणाली, "उद्या जाऊ नका."

"परवा पूल आहे."

"पुलाला दुसरं माणूस नाही?"

"माझा पूल आहे तो."

"आणि तुम्ही कुणाचे?"

मी आवाज चढवला. लेक खोलीतून बाहेर आली आणि दोघांकडे बघत उभी राहिली. मग ही कपाटाकडे गेली, काहीतरी शोधल्यासारखं केलं, परत आली. रेडिओच्या बायकोशी फोनवर बोलत होती नंतर. बायकांचं काहीतरी.

२२ मे, सोमवार. इस्पितळ

लेकीने वही आणून दिली. मीच मागितली. उजव्या हाताला सुई आहे, अक्षर डावीकडे पळतंय.

एकोणीस तारखेचं लिहायला हवं. विसरणार तर नाहीच, पण लिहायला हवं.

सकाळी साडेनऊला पूल हुकाला लागला. बावीस मीटरचं लोखंड, दोन्ही टोकांना दोर धरलेली माणसं. वर बाराव्या मजल्यावर, दोन्ही इमारतींत, दोन फिटर पट्टे बांधून वाट बघत होते. खालचा सगळा भाग रिकामा केलेला. रेडिओचा आवाज आला, "दादा, उचल. सावकाश."

उचलला. हलकासा झोका घेतला आणि स्थिर झाला. सुंदर. पाच मजले, सात मजले. माझ्या छातीत काहीतरी चुकतंय हे तेव्हा कळलं. ठोका पडायचा, मग बराच वेळ पडायचाच नाही, मग दोन एकदम. पाय आहेत की नाहीत कळेना. जॉयस्टिकवरची बोटं माझी वाटेनात, कुणाच्या तरी हातमोज्यात घातल्यासारखी. पूल नवव्या मजल्यापाशी होता. मी बटण सोडलं. तो तिथे लटकत राहिला.

"दादा?"

मी म्हटलं, "काही नाही. दम घेतोय." जीभ जड. शब्द निघाले ते असे निघाले नाहीत.

रेडिओ गप्प. तीन-चार सेकंद. तो गप्प बसला तर मला भीती वाटते, लिहिलंय मी.

मग अगदी वेगळ्या, मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "वारा वाढलाय. काम रद्द. पूल खाली घेतोय. वरचे दोघे फिटर आत जा, दोरवाले सोडून मागे सरका."

"जमेल मला," मी म्हणालो. "तीनच मजले राहिलेत."

"मला माहीत आहे जमेल. पण मी सांगतोय खाली." आणि मग हळू, फक्त माझ्यासाठी असल्यासारखं, "दादा, कशाकडे बघू नकोस. माझा आवाज ऐक. खाली, एक मीटर. थांब. श्वास घे. खाली, एक मीटर. थांब."

तीस मीटर. एकेक मीटर. मध्ये एकदा डोळ्यांपुढे पूर्ण पांढरं झालं आणि मी फक्त आवाजावर बोट हलवलं. त्याने एकदाही घाई केली नाही. सासू नाही, क्रिकेट नाही. "खाली, एक मीटर. थांब." लोखंड जमिनीला टेकल्याचा धक्का मला खुर्चीत लागला. मी सगळं बंद केलं, आणीबाणीचं लाल बटणही दाबलं, आणि उठायला गेलो तर उठताच आलं नाही.

त्यानंतरचं तुटक आठवतं. कॅबिनचं दार उघडलं, आणि दारात रेडिओ. पांढराफटक, घामाने निथळत, दोन्ही हातांनी चौकट धरलेली, डोळे मिटलेले. त्याला उंचीची भीती आहे. म्हणून तर त्याने खालचं काम घेतलं. अकरा वर्षांत तो एकदाही वर आला नव्हता.

"आलो," म्हणाला, आणि डोळे न उघडताच माझा हात शोधला.

अग्निशामक दलाने दोरांनी स्ट्रेचर उतरवलं. रेडिओला कसं उतरवलं ते कुणी मला सांगत नाही, विचारलं की हसतात.

क्रिएटिनिन ५.२. पोटॅशियम ६.९. इथल्या डॉक्टरने हे दोन आकडे असे सांगितले, जसे अपघातातल्या मेलेल्यांचे आकडे सांगतात. त्याच दिवशी मला लाल नळ्या लावल्या. मी पेपर वाचला नाही. छताकडे बघत होतो.

२४ मे, बुधवार

डॉक्टरीणबाई आल्या. खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "आता सगळं सांगा. काय काय घेत होतात?"

सांगितलं. बंद केली, मग दोन घेतल्या, जुनी लघवीची गोळी. लाज वाटत होती, पण सांगितलं.

"बस?"

"बस."

तेव्हा ही उठली आणि पिशवीतून काढून पलंगावर ठेवली. केशरी गोळ्यांची रिकामी पाकिटं. तेवीस. माझ्या डब्याच्या पिशवीतून, पँटच्या खिशांतून, एक बुटातून. तारखा घातल्या होत्या पेनाने प्रत्येकावर, तिच्या सुबक अक्षरात.

"ही कसली?" बाईंनी विचारलं.

"ती होय," मी म्हणालो, "ती गुडघ्यांची. ते औषध नाही."

बाईंनी डोळ्यांवरून चष्मा काढला. मग माझ्या चार्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला एक गाळणी काढली, एक नळी आत येणारी, एक बाहेर जाणारी.

"किडनी म्हणजे नुसती गाळणी नाही. शरीराच्या प्रेशरवर लक्ष ठेवणारी चौकी आहे. तिच्याकडे रक्त कमी यायला लागलं, की ती रेनिन नावाचं एक द्रव्य सोडते. त्यातून पुढे एक हार्मोन तयार होतं, ते रक्तवाहिन्या आवळतं. किडनीच्या डोक्यावर एक छोटी ग्रंथी बसलेली असते, तिला तेच हार्मोन कामाला लावतं. तिच्यातून दुसरं हार्मोन सुटतं, अल्डोस्टेरॉन. ते मीठ आणि पाणी बाहेर जाऊ देत नाही. वाहिन्या आवळल्या, पाणी धरून ठेवलं, प्रेशर चढलं. माणसाचं रक्त गेलं, पाण्याविना हाल झाले, तर यानेच जीव वाचतो."

"मग माझं बिघडलं कुठे?"

"मधुमेहात किडनीच्या आत ही हाक थांबतच नाही. गरज नसताना दाब वाढवा, दाब वाढवा. गाळण्या आतून ताणल्या जातात, फाटतात, प्रथिनं गळतात. पांढरी गोळी ती हाक अर्धी दाबते. बाहेर जाणारी नळी सैल होते आणि गाळणीवरचा ताण उतरतो. म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वाढतं. गाळणी जरा कमी राबायला लागली, एवढाच त्याचा अर्थ. ते १.५ मला हवं होतं."

मला बेसिनमध्ये टाकलेल्या गोळ्या आठवल्या.

"गुडघ्यांची गोळी आत येणारी नळी आवळते. रोज तीन-चार. त्यात तुम्ही पांढऱ्या दोन घेतल्यात, बाहेरची नळी पार सैल. जुन्या गोळीने आणि पाणी न पिण्याने अंगातलं पाणीच काढून घेतलं. वरून येत नाही, खाली थांबत नाही. गाळणीत दाब उरणार कुठून? ती बंदच पडली. आणि पोटॅशियम बाहेर टाकायला अल्डोस्टेरॉन लागतं, ते तुम्ही दाबून ठेवलेलं. मग पोटॅशियम साठत गेलं आणि हृदयावर आलं."

"म्हणजे गोळी चुकीची नव्हती."

"नव्हती. तुम्ही मला अर्धा माणूस दाखवलात. मी अर्ध्या माणसाला औषध दिलं."

त्या गेल्यावर ही खिडकीपाशी उभी राहिली. मला वाटलं रडतेय. वळली तेव्हा डोळे कोरडे होते.

"पूल लटकत होता तेव्हा त्या दोघा फिटरांच्या बायकाही कुठेतरी कामावर असतील," ती म्हणाली. "त्यांना काहीच माहीत नव्हतं. मला थोडंफार माहीत होतं. मी का नाही येऊन ओरडले तिथे, हे मी स्वतःला विचारतेय. तुम्ही तुमचं विचारा."

३० मे, मंगळवार

घरी. १३८/८४. हा आकडा हिने लिहिलाय.

क्रिएटिनिन २.४, उतरतंय. बाई म्हणतात १.८-१.९ला थांबेल. गेलेलं सगळं परत येणार नाही. पांढरी गोळी परत सुरू होईल, पण आकडे स्थिरावल्यावर, अर्धी, आणि दर आठवड्याला रक्त तपासून. गुडघ्यांना शेक, व्यायाम आणि पट्टा. केशरी गोळी आयुष्यात नाही. लेकीने कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला काय सांगितलं कोण जाणे, मी समोरून गेलो तर तो आतल्या फळीकडे वळून बाटल्या मोजायला लागला.

रेडिओ आला होता. सफरचंदं घेऊन. दीड तास बोलला. पूल बसला म्हणे, पंचवीस तारखेला, बदली ऑपरेटरने बसवला, चार मिलिमीटरचाही फरक नाही. हे ऐकून मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मग थोड्या वेळाने झाला आनंद, थोडासा.

विचारलं, "त्या दिवशी वारा खरंच होता?"

"होता की," म्हणाला, आणि सासूवर गेला.

५ जून, सोमवार

१३४/८२.

सेफ्टी ऑफिसरकडे गेलो. तो मला बघून उठला, हात पुढे केला, तब्येतीचं विचारायला लागला. उन्हाने चक्कर आली असंच तिथे सगळ्यांना वाटतंय. मी तसंच राहू देऊ शकलो असतो. कंपनीने फुलंही पाठवली होती.

बसलो आणि सांगितलं. चौदा वर्षांची साखर. गोळ्या. फॉर्मवरची दोन 'नाही'. नळाचं पाणी.

नळाच्या पाण्यावर त्याचं पेन थांबलं. मग म्हणाला, "हे लिहून द्यावं लागेल."

"देतो."

दिलं. क्रेनचं कार्ड त्याच्या टेबलावर ठेवलं. माझा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा, मिशी होती तेव्हा. चौकशी होईल. काम राहिलं तर जमिनीवरचं, पट्टे आणि साखळ्या तपासायचं. वर पुन्हा नाही. बाहेर आलो तेव्हा क्रेन फिरत होती. मी मान वर केली नाही. गेटपर्यंत जमिनीकडे बघत गेलो आणि गेटच्या बाहेर, सिमेंटच्या ट्रकच्या आडोशाला, खूप रडलो. ट्रकवाला खाली उतरून माझ्याशेजारी उभा राहिला, काही न विचारता.

१९ जून, सोमवार

१३०/८०. क्रिएटिनिन १.९.

चौकशी संपली. ताकीद, आणि साखळ्यांचं काम. सेफ्टी ऑफिसरने सकाळच्या बैठकीत मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं. चाळीस माणसं, हेल्मेटं काखेत. मला भाषण जमत नाही. मी फक्त काय काय घेतलं आणि काय काय लपवलं ते सांगितलं, लघवीतल्या फेसापासून नळाच्या पाण्यापर्यंत. कुणी हसलं नाही. एका फिटरने, त्या दिवशी बाराव्या मजल्यावर होता त्यानेच, माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिला. मी नजर खाली घेतली नाही. एवढं त्याचं देणं होतं.

दुपारी मी साखळ्यांच्या खोलीत होतो. बदली ऑपरेटर दारात आली. आता ती बदली नाही, पण तोंडात तेच बसलंय. म्हणाली, "काका, फेस किती आला म्हणजे काळजी करायची?"

मी हातातली साखळी ठेवली.

धाकट्याच्या वेळी, पोटात होता तेव्हा, तिला साखर झाली होती. बाळंतपणानंतर गेली असं सांगितलं, मग कुणी तपासली नाही, तिनेही नाही. नऊ वर्षं झाली. वर बसते तेव्हा तीही पाणी पीत नाही.

"उद्या सकाळी तपासायला जाऊ," म्हटलं.

"उद्या काँक्रीट आहे."

मी तिच्याकडे नुसता बघत राहिलो. ती म्हणाली, "बरं. जाऊ."

२३ जून, शुक्रवार

१३२/८०.

रिपोर्ट आज आला. जेवणाच्या सुट्टीत ती उतरली, साखळ्यांच्या खोलीत येऊन पाकीट फोडलं. मी चष्मा आणला नव्हता, तिनेच वाचून दाखवलं. साखर आहे. लघवीत प्रथिनं आहेत, थोडी. क्रिएटिनिन ०.८. प्रेशर लॅबमध्ये मोजलं होतं, १४८.

"०.८ म्हणजे चांगलं ना?"

"चांगलं. फार चांगलं. मला जेव्हा सापडलं त्याच्या कितीतरी आधी तुला सापडलं."

ती कागदाकडे बघत राहिली. बाहेर कुणीतरी लोखंड आपटलं, दोघंही दचकलो.

"सांगितलं तर मला उतरवतील," ती म्हणाली. "आत्ता महिन्यापूर्वी कुठे मिळाली क्रेन."

उतरवतील की नाही मला माहीत नाही. औषधाने आकडा आटोक्यात राहिला तर बसू देतात, काही ठिकाणी देतात, असं ऐकलंय. पण मला माहीत नाही, आणि तसंच मी तिला सांगितलं. म्हटलं, "सेफ्टी ऑफिसरची खोली इथून चाळीस पावलांवर आहे. मी येतो सोबत."

तिने मग हातमोजे काढले, एकात एक घातले, खिशात कोंबले. रिपोर्टची घडी नीट केली.

"तुम्ही मात्र काही बोलू नका, काका. मी बोलेन."

"नाही बोलणार."

आणि निघालो. ती पुढे, मी मागे.